ओसाकाला जाणारी पेटी

महिपत पिलणकरला दादू भाटकरच्या स्कूटरचा आवाज लांबूनच ओळखू यायचा, आणि तो ओळखू येतो याचाच त्याला राग यायचा. मिरकरवाड्याच्या उतारावर दादू पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून द्यायचा. त्यामुळे आधी आवाज थांबायचा, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग होडेकरशेठच्या कारखान्याच्या फाटकाशी ब्रेकची किंकाळी. त्या मधल्या शांततेत महिपत हातातलं काम तसंच धरून ब्रेकची वाट बघायचा.

दोघे एकाच वाडीतले, शाळेपासून एका बाकावरचे. कॉलेजात दोघांनी रसायनशास्त्रच घेतलं. दादूची जर्नलं महिपतने लिहून दिली, तरी दादू शेवटच्या वर्षाला नापास झाला तो झालाच. निकालाच्या दिवशी त्यानेच महिपतला भेळ खायला घातली आणि म्हणाला, "तुझ्या अक्षरातलं सगळं पास झालं रे. माझ्या अक्षरातलं तेवढं राहिलं." महिपतला त्या दिवशी त्याची कीव आली होती. कुणाची कीव करताना माणसाला बरं वाटतं. ती परत घ्यायची वेळ आली की मात्र फार जड जातं.

महिपत पहिल्या वर्गात पास होऊन होडेकरशेठच्या कोळंबी गोठवण्याच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागला. धुण्याच्या पाण्यात क्लोरीन किती, गोदामाचं तापमान किती, हे बघायचं काम. घरी जेवायला बसला तरी बोटांना क्लोरीनचा वास असायचा. दादू दोन वर्षं मुंबईत कुठे कुठे फिरून परत आला, तो एका कुरिअर कंपनीची एजन्सी घेऊन. मारुती मंदिराजवळ एवढासा गाळा, आत एक टेबल, वजनकाटा, आणि बाहेर पाटी: 'आज द्या, उद्या मुंबई. परदेशी सेवा उपलब्ध.' लोक हसले. सरकारचं पोस्ट असताना याला पैसे कोण देणार? महिपत तर सगळ्यांत जोरात हसला होता. पण वर्ष उलटायच्या आत वकिलांचे दस्त, बँकांची पाकिटं, बोटीवर नोकरी लागलेल्या पोरांचे कागद, सगळं दादूच्या खाकी पिशवीतून जायला लागलं. आणि १९८६च्या पावसाळ्यानंतर दादू होडेकरशेठच्या केबिनमध्ये दार न वाजवता शिरायला लागला.

त्याचं कारण ओसाका.

तोवर रत्नागिरीची कोळंबी मुंबईच्या नावाने परदेशी जायची. शेठ गोठवायचे, मुंबईचा व्यापारी ती आपल्या खोक्यात घालून विकायचा आणि नफ्यातला मोठा घास त्याच्या तोंडात. जपानातल्या ओसाकाचं एक गिऱ्हाईक थेट माल घ्यायला तयार होतं, पण त्याची अट साधी होती: आधी नमुना दाखवा. डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि जिभेवर ठेवल्याशिवाय तो ऑर्डर देणार नव्हता. नमुना बोटीने पाठवला तर पोहोचेपर्यंत त्यांचा वर्षअखेरचा हंगाम सरून जाणार. विमानाने पाठवायचा तर मुंबईत आपला माणूस हवा, कस्टमचा दलाल हवा, ओसाकात विमानतळावरून उचलून दारात नेणारा कुणी हवा. मोठ्या कंपन्यांकडे ही सगळी साखळी तयार असते. मिरकरवाड्यातल्या एका कारखान्याकडे ती कुठून येणार? दादूने ती आणली, कुरिअरच्या एका पावतीवर.

"नमुना गेला की ऑर्डर, आणि ऑर्डर आली की कागद," दादू शेठना समजावत होता. महिपत क्लोरीनचा अहवाल घेऊन दारात उभा होता, कारण केबिनमधल्या एकुलत्या खुर्चीत दादू बसला होता. "माल जहाजाने सावकाश जाऊ दे, शेठ. पण मालाचे कागद जहाजाच्या आधी पोहोचले पाहिजेत. नायतर माल बंदरात पडून राहतो आणि भाडं आपल्या डोक्यावर. कागद पळवायचं काम माझं."

हे वाक्य कंपनीच्या पत्रकातून पाठ केलेलं आहे, हे महिपतने ओळखलं. त्यात चूक मात्र काही नव्हती, आणि त्यामुळे ते अधिकच झोंबलं.

"ऐकतोस ना महिपत?" शेठ म्हणाले. "ही ऑर्डर आली तर मुंबईत मस्जिद बंदरला एक खोली घेतो. टेलिफोन, टायपिस्ट, सगळं. तिथे आपला एक माणूस बसवणार. रत्नागिरीचाच. मुंबईचे दलाल बस झाले."

शेठ बोलताना कुणाकडे बघत होते, हे महिपतने नीट पाहिलं. ते दादूकडे बघत होते.

आता अशाच एखाद्या खोलीत बसण्याची स्वप्नं महिपत गेली तीन वर्षं बघत होता. पहिला वर्ग त्याचा होता, इंग्रजी त्याचं बरं होतं, कोळंबी त्याला सालीसकट माहीत होती. परदेशातल्या माणसांशी बोलायचं, त्यांच्या प्रयोगशाळा कशा असतात ते विचारायचं, जमलं तर एकदा बघून यायचं. हे सगळं एका नापास पोराच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून निघून चाललं होतं.

अंगणात गंगुबाई भेटल्या. कोळंबी सोलणाऱ्या चाळीस बायकांवर त्यांची हुकमत होती आणि जिभेवर कुणाचीच नव्हती.

"काय केमिस्टसाहेब, तोंड का आंबलं?"

"काही नाही, गंगुबाई. ऊन आहे."

"ऊन दादूवर पन हाय. तो बघा कसा गाणं म्हनत गेला." त्या हातातली कोळंबी न बघता सोलत म्हणाल्या. "त्याचं काम झालं तर आमाला पावसापर्यंत रोज हजेरी, असं शेठ सांगत व्हते. देव करो नि त्याचं काम होवो. तुमच्या त्या बाटल्यांनी काय आमची चूल पेटली नाय कधी."

बायका खिदळल्या. महिपतही हसला. हसताना आपले दात एकमेकांवर घट्ट बसले आहेत, हे त्याला जाणवलं.

पहिले दोन नमुने वाया गेले तेव्हा महिपतला झोप चांगली लागली. हे तो कुणाला सांगणार नव्हता, पण खरं होतं. पहिला डबा साध्या बर्फात भरून दादूने एस.टी.त ठेवला. वाटेत बर्फ वितळला, मासळीचं पाणी एका गुरुजींच्या वळकटीत शिरलं, आणि कंडक्टरने संगमेश्वरला डबा खाली उतरवला. दुसरा डबा न गळता मुंबईला पोहोचला, पण पोहोचेपर्यंत कोळंबी मऊ पडली होती. कंपनीने तो घेतलाच नाही. ओसाकाहून गिऱ्हाइकाच्या मुंबईतल्या एजंटाला निरोप आला, तो ट्रंक कॉलवर रत्नागिरीला कळला: शनिवारपर्यंत नमुना टेबलावर दिसला तर ठीक, नाहीतर ते केरळचा माल घेतायत.

मंगळवारी सकाळी दादू मुंबईहून आला तो गोणपाटात गुंडाळलेली थर्माकोलची पेटी घेऊन. आत सुका बर्फ. कारखान्यात अशी वस्तू पहिल्यांदाच आली होती. पांढऱ्या विटा, त्यांच्यावरून धुकं सांडत होतं, आणि खाली पाण्याचा थेंब नाही. बायका काम सोडून बघायला आल्या. गंगुबाईंनी बोट लावलं आणि "आई गं, चावला!" म्हणून मागे सरल्या.

"हात लावू नका, कातडी जाईल," महिपत म्हणाला. "हा कार्बन डायऑक्साइड आहे. उणे अठ्ठ्याहत्तर अंश."

"म्हंजे सोड्यातला वायू," दादूने सगळ्यांना सोपं करून सांगितलं, आणि सगळ्यांना ते लगेच कळलं. महिपतचे उणे अठ्ठ्याहत्तर हवेतच राहिले.

दादूची तक्रार एकच होती. "मुंबईवाल्यांनी पेटीचं झाकण सैल ठेवलं. येईपर्यंत अर्धा बर्फ हवेत उडून गेला बघ. असल्या झाकणाने ओसाका गाठायचं? आता माझी पेटी बघ."

त्याने स्वतः बनवलेली पेटी पुढे ओढली. दादूचे वडील भाट्याच्या खाडीवर होड्या बांधायचे. लाकडाचं काम दादूने त्यांच्या हाताखाली उचललं होतं आणि त्यात तो कधीच नापास झाला नव्हता. जाड फळ्यांची पेटी, आतून थर्माकोल. मधोमध कोळंबीची गोठवलेली लादी, भोवती चार किलो सुका बर्फ. दादूने झाकण ठोकलं. आणि मग त्याने जे केलं ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा माणूसच करू जाणे. होडीच्या दोन फळ्यांमधल्या फटीत पिळलेला कापूस ठोकून बसवतात आणि वरून तापवलेली राळ आणि तेल भरतात, म्हणजे समुद्राचं पाणी आत येत नाही. दादूने पेटीचा एकेक सांधा तसाच भरायला घेतला. लहान हातोडीने कापूस आत बसत होता, टक टक, टक टक. मग राळ. मग त्यावर अंगठा फिरवून गुळगुळीत.

शेठ कौतुकाने बघत उभे होते. "वा रे वा. हिच्यातून थेंब गळायचा नाही."

"थेंब काय, शेठ, वारा जायचा नाही," दादू म्हणाला.

महिपत दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्या शब्दासरशी त्याच्या डोक्यात आकडे आपोआप जुळले. एक किलो सुक्या बर्फाचा वायू होतो पाचशे लिटरच्या वर. चार किलोंचा दोन हजार. म्हणजे पाण्याची दहा पिंपं भरतील एवढा वायू, आणि तो जाणार कुठे, तर या एवढ्याशा पेटीत. मुंबईवाल्यांनी झाकण सैल ठेवलं होतं ते मुद्दाम. बर्फ उडतो तो उडूच द्यायचा असतो. ही पेटी फुटणार. आज संध्याकाळी नाहीतर रात्री, पण फुटणार.

बोलायला त्याने तोंड उघडलंही होतं. त्याच क्षणी शेठनी दादूच्या खांद्यावर हात ठेवला. "याला म्हणतात हात! मस्जिद बंदरच्या खोलीतली टेबलं-खुर्च्या पण तूच करून घे."

महिपतने तोंड मिटलं.

दादूने वर बघितलं. कपाळावर घाम, नाकाला राळ लागलेली. "महिपत, तू शिकलेला माणूस. बघून सांग, काय कमी आहे का?"

महिपतने पेटीभोवती एक फेरी मारली. वाकला, एका कोपऱ्यावर नख टेकवून बघितलं. राळ घट्ट बसली होती.

"काही कमी नाही," तो म्हणाला.

दादूचा चेहरा उजळला. त्याला महिपतच्या शब्दाची किंमत होती. जर्नलांच्या दिवसांपासून होती. त्याने पेटी गोणपाटात शिवली, स्कूटरच्या मागे बांधली आणि संध्याकाळची मुंबई गाडी पकडायला निघाला. चढावर स्कूटरचा आवाज बराच वेळ येत राहिला.

महिपत प्रयोगशाळेत येऊन बसला. टेबलावर काचेच्या भांड्यात सुक्या बर्फाचा उरलेला तुकडा धूर सोडत होता. त्याच्याकडे बघत तो पुढचं चित्र रंगवायला लागला. आधी त्याला फक्त शेठचा चेहरा दिसला. "तुझी होडी फुटली की रे दादू!" मग शेठ खुर्ची महिपतकडे सरकवतायत. मग मस्जिद बंदर. हे चित्र त्याने दोनदा बघितलं. दुसऱ्यांदा अधिकच छान दिसलं.

पण महिपतला एक वाईट सवय होती. कुठलीही गोष्ट अर्धवट विचार करून सोडून देणं त्याला जमत नसे. पेटी फुटणार, पण कुठे? एस.टी.च्या टपावर? नाही, दादू ती टपावर ठेवणार नाही. गुरुजींच्या वळकटीनंतर तर मुळीच नाही. तो ती पायांशी घेईल, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. कदाचित मांडीवरच. रात्री डुलकी लागली की झाकणावर डोकं टेकेल. होडीला बाहेरून पाणी दाबतं, इथे वायू आतून दाबणार. पातळ पत्रा असता तर एका कोपऱ्यात फाटला असता आणि सुटला असता. दादूचं काम तसं नव्हतं. दादूचं काम इतकं चांगलं होतं की ते शेवटपर्यंत तग धरणार, आणि मग एकदम सुटणार. झाकणाला खिळे किती ठोकले ते महिपतने मोजले नव्हते. पण ते लांब होते, होडीला वापरतात ते, आणि त्यांच्यावर दादूचं तोंड असणार होतं.

आपण दादूची पेटी फुटताना बघत होतो. प्रत्यक्षात दादूचे डोळे फुटणार होते. हे लक्षात यायला त्याला एवढा वेळ लागला, याची लाज त्याला त्या घटकेला वाटली नाही. ती नंतर वाटली. त्या घटकेला त्याने फक्त भांड्यातला तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि दारातली सायकल काढली.

"कुठे चाललात, केमिस्टसाहेब?" गंगुबाई ओरडल्या.

"स्टँडवर!"

"दादूला निरोप द्यायला? आता आठवन झाली व्हय?"

चढावर सायकल ढकलत नेताना त्याच्या मनात अजूनही दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, धाव. दुसरा म्हणत होता, तू धावतोयस ते स्वतःची खोली त्याच्या हातात नेऊन द्यायला. नमुना पोहोचला की ऑर्डर, ऑर्डर आली की मस्जिद बंदर, आणि मस्जिद बंदर त्याचं. हा दुसरा माणूस खोटं बोलत नव्हता. महिपतला ते पक्कं ठाऊक होतं. ते मनात घेऊनच तो धावला.

मुंबई गाडी फलाटाला लागलेली होती. दादू पुढच्या बाकावर बसला होता आणि पेटी अगदी महिपतने कल्पिली होती तशी, गुडघ्यांच्या मध्ये.

"पेटी उघड," महिपत खिडकीतून धापा टाकत म्हणाला.

"काय?"

"उघड ती. फुटेल. वायूला जायला जागा नाही."

दादूने त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि हसला. वाईट नाही हसला, पण हसला. "घरी जा, महिपत."

"मी खरं सांगतोय."

"दुपारी काय सांगितलंस? काही कमी नाही. आता गाडी सुटायच्या वेळेला कमी झालं?" त्याने आवाज खाली आणला, पण मागच्या दोन बाकांना ऐकू जाईल इतकाच. "अरे, मला काय दिसत नाय? मी केबिनमध्ये गेलो की तुझं तोंड कसं होतं ते सगळ्या कारखान्याला माहीत आहे. जळतोस तू माझ्यावर. जळ. पण माझ्या पेटीला हात लावू नको."

"जळतो," महिपत म्हणाला. "जळतोच. तरी उघड."

कंडक्टर दारात आला. "काय चाललंय? गाडी सोडायचीय मला."

महिपतला दुसरं काही सुचेना. फलाटावर एक फुगेवाला उभा होता. त्याच्याकडून त्याने एक लाल फुगा घेतला, वर्तमानपत्रातला सुका बर्फ दगडावर आपटून बारीक केला, रुमालात धरून चार खडे फुग्यात टाकले आणि तोंडाला गाठ मारली. मग फुगा दादूच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवला. रिकामा, लोळागोळा झालेला फुगा.

"हे काय पोरखेळ?" कंडक्टर म्हणाला.

"फुंकर कुणी मारली नाही. नुसतं बघा."

फुगा हलला. पोट धरल्यासारखा एका बाजूने वर आला. मग दुसऱ्या बाजूने. मागच्या बाकावरची एक बाई उभी राहिली. फुगा पेरूएवढा झाला, शहाळ्याएवढा झाला, त्याचा लाल रंग पातळ होत गुलाबी पडला. कंडक्टरने कानावर हात ठेवले. दादूने ठेवले नाहीत. तो फुग्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. फट् करून फुगा फुटला, आणि त्या आवाजानंतर जी शांतता झाली तिच्यात सगळ्यांना दुसरा आवाज ऐकू आला. दादूच्या गुडघ्यांमधून, गोणपाटाच्या आतून. बारीक, कोरडा, फळी ताणल्यासारखा. कर्र.

"खाली घे! खाली घे ती!" कंडक्टर दारातून मागे उडी मारत ओरडला. "फलाटावर न्या, माझ्या गाडीत नको!"

दादूने पेटी अलगद उचलून फलाटावर नेली. ड्रायव्हरने आपल्या पिशवीतून पेचकस काढून दिला. महिपतने गोणपाट फाडलं, दादूने तोंड बाजूला फिरवून झाकणाच्या सांध्यात पेचकस घातला आणि राळ खरवडली. कापूस बंदुकीतून सुटल्यासारखा बाहेर उडाला आणि पाठोपाठ पांढऱ्या धुक्याचा फवारा, इतक्या जोरात की पेटी जागच्या जागी फिरली. लोक मागे पळाले. फवारा बराच वेळ चालू होता. मग फुसफुस. मग काही नाही.

"चारही कोपऱ्यांना एवढी फट ठेव," महिपत म्हणाला. "बर्फ उडेल. उडू दे. मुंबईत थोडी भर घाल, ओसाकापर्यंत पुरेल."

दादूने चारही कोपरे मोकळे केले. आपणच गुळगुळीत केलेली राळ तो उकरत होता, आणि मध्येच त्याचा हात थांबला. त्याने मान वर केली नाही.

"मी सांधे भरत होतो तेव्हा तू समोर उभा होतास."

महिपत फाटलेलं गोणपाट गोळा करायला लागला.

"मी तुला विचारलं पण होतं."

कंडक्टरने घंटा मारली. दादू उठला, पेटी उचलली आणि गाडीत चढला. गाडी फलाटावरून मागे येऊन वळली तेव्हा खिडकीत त्याचं डोकं दिसलं. तो सरळ पुढे बघत होता.

नमुना शुक्रवारी ओसाकाला पोहोचला. मुंबईच्या कुरिअर कचेरीत म्हणे पेटीचे कोपरे बघून एक साहेब म्हणाला, हे केलं नसतं तर विमानाने ही घेतलीच नसती. पुढच्या आठवड्यात ऑर्डर आली. एक पूर्ण कंटेनर, आणि पसंत पडला तर दर महिन्याला एक. कारखान्यात पेढे वाटले गेले. शेठनी अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं की खोक्यावर आता रत्नागिरीचं नाव छापून येईल, आणि गंगुबाईंनी पेढा तोंडात ठेवून डोळे पुसले.

दादूने शेठना काय सांगितलं ते महिपतला शेठकडूनच कळलं. "दादू म्हणतो, तू हिशेब घालत बसला होतास आणि ऐनवेळी तुला उमगलं. सायकलवरून धावलास. शाबास. नाहीतर सगळं बुडालं होतं."

एवढंच. दुपारचं काही नाही. दादूला ते सांगता आलं असतं, एका वाक्यात. महिपत शेठसमोर मान खाली घालून उभा राहिला आणि त्याला कळेना की आपल्याला हायसं का वाटत नाही. मग कळलं. आजवर दादूकडे स्कूटर होती, खुर्ची होती, शेठचा हात खांद्यावर होता. आता मोठं मनही त्याच्याकडेच निघालं होतं. ते तरी देवाने आपल्याकडे ठेवायचं.

मस्जिद बंदरची खोली दादूला मिळाली. महिपतला पगारवाढ मिळाली, त्याने ती आईच्या हातात दिली आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

मात्र ओसाकाच्या माणसांनी एक गोष्ट केली, जी कुणाच्याच ध्यानात नव्हती. त्यांनी दुसऱ्या कंटेनरपासून अट घातली: प्रत्येक मालाबरोबर जीवाणूंच्या तपासणीचा अहवाल हवा, कारखान्याच्या केमिस्टच्या सहीचा, आणि तो इतर कागदांबरोबर जहाजाच्या आधी ओसाकाला पोहोचला पाहिजे. अहवालाशिवाय माल बंदरातून सुटणार नाही. तेव्हा दर महिन्याला दादू स्वतः रत्नागिरीला यायला लागला, कागद घ्यायला. दुसऱ्या कुणावर तो हे काम सोपवत नसे.

आणि जीवाणू काही कुरिअरचं वेळापत्रक बघून वाढत नाहीत. बशीत घातले की त्यांना उबेत दोन दिवस द्यावेच लागतात. मग एकेक ठिपका मोजायचा. जगात विमानं कितीही वेगाने उडू देत, तोपर्यंत दादू भाटकरला प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसावंच लागायचं. अंगात इस्त्रीचा शर्ट, मांडीवर चामड्याची बॅग, आणि नजर घड्याळावर.

पहिल्याच महिन्यात महिपतने बशी भिंगाखाली धरून ठिपके मोजले, आकडा लिहिला. सगळं ठीक होतं. सही करायला त्याने पेन उचललं आणि दाराच्या फटीतून बाहेर बघितलं. दादू पाय हलवत बसला होता. महिपतने पेन खाली ठेवलं, बशी पुन्हा भिंगाखाली घेतली आणि पहिल्या ठिपक्यापासून मोजायला सुरुवात केली. मोजताना त्याच्या पोटात छान गार वाटत होतं.

"दुसऱ्यांदा मोजतोयस ना?" बाहेरून दादूचा आवाज आला.

महिपत दचकला. "खात्री करावी लागते."

"कर की." बाक करकरला. दादू भिंतीला टेकून बसला असावा. "तू मोजलेलं असलं की मी मुंबईत निवांत झोपतो. गाडीला अजून वेळ आहे. तिसऱ्यांदा मोजायचं असेल तर ते पण मोज."

महिपतने मान खाली घातली. ठिपके डोळ्यांपुढे एकमेकांत मिसळायला लागले आणि त्याचा आकडा चुकला. मग त्याला खरोखरच पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.